नळ आला, पाणी कुठे अडलं?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता आहेत. त्यांची सगळी नोकरी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत झाली.)

प्रश्न : मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्व स्पर्धेला 'सरकारी धोरण आणि वांशिक विषमता' असा विषय आलाय. सरांनी अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या पाण्याचं उदाहरण घे म्हणून सांगितलं. मी वाचलं, पण अडते एकाच ठिकाणी. 'काळ्या लोकांना घाण पाणी द्या' असं तिथला कुठलाच अधिकारी म्हणाला नव्हता. मग त्याला वर्णभेद कसं म्हणायचं? परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : बाळा, परीक्षकांच्या आधी हा प्रश्न मी स्वतःला विचारून बसलोय, आणि तो काही फ्लिंटवरून नव्हे. पण आधी फ्लिंटचं सांगतो. ते पाइपांचं प्रकरण आहे आणि पाइपांवर मी ३२ वर्षं पोट भरलं.

मिशिगन राज्यातलं हे शहर. तेव्हाची वस्ती लाखाच्या आतबाहेर, निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. मोटारींचे कारखाने गेले आणि गरिबी आली. पालिका तोट्यात गेली म्हणून २०११ मध्ये राज्य सरकारने तिथे आपला प्रशासक बसवला. निवडून आलेले लोक नावापुरते उरले. खर्च वाचवायचा म्हणून एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारं ह्यूरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं सुरू केलं.

आता पुढचं नीट ऐक, हे स्पर्धेत कुणी सांगणार नाही. तिकडच्या जुन्या शहरांत रस्त्यातल्या मोठ्या वाहिनीपासून घरापर्यंतचा जोड पुष्कळदा शिशाचा असतो. शिसं विष आहे. पण पाण्यात थोडं फॉस्फेट सोडत राहिलं की पाइपच्या आतल्या अंगाला पापुद्रा धरतो, आपल्याकडे तांब्याच्या बंबाला आतून क्षार धरतो तसा, आणि शिसं पाण्यात उतरत नाही. नदीच्या त्या पाण्यात क्लोराइड जास्त होतं. आमच्या भाषेत 'खाणारं पाणी'. आणि फॉस्फेट सोडलंच नाही. पापुद्रा सुटला. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या भरून सभांना न्यायचे आणि 'पाणी पिण्यायोग्य आहे' हे उत्तर ऐकून घरी यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने आपले भाग गंजतात म्हणून ते पाणी नाकारलं, आणि त्यांना दुसरीकडून जोड मिळाला. घरांना तेच पाणी आणखी वर्षभर गेलं. सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हन्ना-अटिशा या मुलांच्या डॉक्टर बाईंनी पोरांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले. सरकारी मंडळींनी आधी त्यांचेच आकडे चुकीचे ठरवून पाहिले. ऑक्टोबरात पाणी परत बदललं.

लोखंडाची तक्रार ऐकली आणि माणसांची ऐकली नाही, एवढं जरी नीट बोललीस तरी अर्धं काम झालं.

आता तुझा मूळ प्रश्न. त्याचं उत्तर फेब्रुवारी २०१७ मध्ये मिशिगनच्याच नागरी हक्क आयोगाने दिलं. म्हणजे सरकारी आयोगाने, कुठल्या मोर्च्याच्या पत्रकाने नव्हे. याच्या मुळाशी व्यवस्थेतच मुरलेला वर्णभेद आहे, असं त्यांनी लिहिलं. त्यासाठी ते नळापाशी थांबले नाहीत, घरांच्या इतिहासात मागे गेले. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे रंगवून घेतले होते : हिरवं, निळं, पिवळं, तांबडं. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक तांबड्यात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. कर्ज नाही म्हणून घर नाही, घराला किंमत नाही म्हणून कर नाही, कर नाही म्हणून पालिका तोट्यात, पालिका तोट्यात म्हणून प्रशासक, आणि प्रशासक म्हणून नदीचं पाणी. या साखळीत शेवटच्या माणसाने 'काळे' हा शब्द उच्चारायची गरजच पडली नाही. तो फक्त पैसे वाचवत होता.

हे मला कसं पटलं ते सांगतो. यात माझीच इज्जत जाते, पण जाऊ दे.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातलं एक गाव, नाव घेत नाही. नळपाणी योजनेचं सर्वेक्षण माझ्याकडे होतं. सरकारी जीप देवळापर्यंत जायची, पुढे पायवाट. आम्ही पातळी मोजायची दुर्बीण लावली ती देवळापाशी. टाकीला जागा दिली एका खोताच्या नातवाने, त्याच्या बागेच्या कडेला, त्याला सोयीची. फुकट जागा मिळाली म्हणून आम्ही खूश. बौद्धवाडी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कातळात. टाकीच्या तळापेक्षा वाडी उंच. पाणी चढ चढत नाही, हे मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक. तरी अंदाजपत्रकात मी 'बौद्धवाडी : सार्वजनिक नळ, १ नग' असं लिहिलं, कारण वाडी आराखड्यात दिसायला हवी होती. वर वेगळी टाकी आणि पंप धरला असता तर माणशी खर्च मर्यादेबाहेर गेला असता आणि फाइल परत आली असती. सगळं नियमात होतं. मी त्या वाडीच्या कुणाशी वाईट बोललो नाही. त्यांच्याकडे चहाही प्यालो, आणि तेव्हा त्याचं मला थोडं कौतुकही वाटलं होतं स्वतःचं. आज लाज वाटते ती त्या कौतुकाची.

तीन वर्षांनी एप्रिलात त्या गावावरून जायचा योग आला. सिमेंटचा तो नळखांब वाडीच्या तोंडाशी उभा होता. तोटी कुणीतरी काढून नेलेली, भोकात मातीच्या माशीने घर केलेलं. खांबाला एक शेळी बांधली होती. शेजारी चुलीसाठी काटक्या मोडत बसलेली म्हातारी मला ओळखून म्हणाली, "सायेब, खांब बाकी मजबूत हाय हां तुमचा. शेरडू किती वडतंय, हालत नाय."

त्याच वर्षी टंचाई आराखडा करताना टँकर लागणाऱ्या वाड्यांची यादी माझ्या टेबलावर आली. ती यादी मी दरवर्षी सही करून पुढे पाठवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल घेऊन प्रत्येक नावाच्या शेपटाखाली रेघ मारत गेलो. बौद्धवाडी, धनगरवाडी, आदिवासीवाडी, बौद्धवाडी, पुन्हा धनगरवाडी. कोकणात गावांच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं, निराळी पाहणी करावी लागत नाही. अंदाजपत्रकं मात्र निरनिराळ्या माणसांनी केलेली, काही माझ्या आधीची. कुणी कट केला नव्हता. सगळ्यांच्या जीपा देवळापाशी थांबल्या होत्या.

तेव्हा परीक्षकांना सांग : धोरणात हेतू शोधत बसलात तर कुणीच सापडत नाही. टाकी कुठे बांधली ते बघा.

आणि पुढे झालं काय, हेही सांग, नाहीतर भाषण अर्धं राहील. फ्लिंटकरांना सुमारे ६२ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड मिळाली, त्यातले बहुतेक पैसे राज्य सरकारचे. जानेवारी २०२१ मध्ये माजी गव्हर्नरसह नऊ जणांवर फौजदारी आरोप ठेवले गेले. पण आरोपपत्र ज्या पद्धतीने आणलं ती पद्धतच २०२२ मध्ये तिथल्या वरच्या न्यायालयाने चुकीची ठरवली आणि खटले कोसळले. म्हणजे दंड भरला जनतेच्या तिजोरीने. माझ्या त्या खांबाचे पैसेही कुणी माझ्याकडून वसूल केले नाहीत.

प्रश्न : अमेरिकेतल्या काळ्या लोकांना मराठीत काय म्हणावं? आमचे जुने मास्तर 'निग्रो' म्हणायचे, वडील 'हबशी' म्हणतात. मुलगा दोन्हीला हसतो.
– एक वाचक, मुरूड

उत्तर : मुलगा बरोबर. 'निग्रो' आता तिकडे अपमानाचा वाटतो, सोडून द्या. आपली वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात, ते चालेल. 'हबशी' म्हणजे मुळात हबशाणातला, ॲबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा. पण आपण तो शब्द इतका वेडावाकडा वापरलाय की तोही नको. बाकी तुम्ही मुरूडचे. तुमच्या गच्चीवरून जंजिरा दिसत असेल. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी ते राज्य चालवलं, पार १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत. त्यांच्या दरबारी आपल्यातली किती घराणी कारकुनी करत होती, ते वडिलांना विचारा, मजा येईल.

प्रश्न : जात मोजायला हवी, हा आपला मागचा लेख वाचला. क्षमा असावी, पण पटला नाही. सरकारने सर्वांना सारखं वागवावं, जात-रंग विचारूच नये. विचारलं की भेद वाढतो. अमेरिकेचंही तेच झालं. मोजणी बंद करा, भेद आपोआप मरेल.
– एक निवृत्त शिक्षक, महाड

उत्तर : गुरुजी, क्षमा कसली. तुमच्या म्हणण्यात एक काटा खरा आहे, आधी तो मान्य करतो. वर सांगितलेले तांबडे नकाशे हीसुद्धा मोजणीच होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांची वस्ती कुठे आहे हे दाखवायला जनगणनेचे आकडे वापरले गेले. मोजणारा मारूही शकतो. फ्रान्स तर सहसा वंशाची नोंदच करू देत नाही, १९७८ पासून तसा कायदा आहे. पण म्हणून पॅरिसच्या बाहेरच्या वस्त्यांतली धुसफूस काही थांबलेली नाही, आणि सरकारकडे दाखवायला आकडाही नाही.

पण गुरुजी, तुम्ही महाडचे! तुम्ही हे म्हणावं? चवदार तळ्याच्या काठच्या माणसाला मी इतिहास सांगायचा म्हणजे रत्नागिरीला हापूस पाठवण्यासारखं आहे. तरी तारखांकडे एकदा माझ्याबरोबर बघा. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव संमत करून घेतला : सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये तुमच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. कागदावर तळं सर्वांचं झालं. सर्वांना सारखं, जात न विचारता. अगदी तुमच्या मनासारखं. आणि २० मार्च १९२७ पर्यंत, बाबासाहेब ओंजळ भरेपर्यंत, त्या ठरावाच्या जोरावर किती अस्पृश्यांनी पाणी भरलं? ठराव होता, पाणी नव्हतं. ऑगस्ट १९२७ मध्ये पालिकेने तो ठरावही मागे घेतला. मग तळं खाजगी आहे आणि स्पृश्यांचीच चाल आहे, असा दावा कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने तो फेटाळला १७ मार्च १९३७ ला. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षं, आणि विषय काय, तर ओंजळभर पाणी.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो बोल्यांचा दुसरा ठराव, १९२६ चा. तो फारसा कुणी सांगत नाही. त्याचा आशय असा, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव पाळणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. बघा, किती सरकारी डोकं! प्रवचन नाही, सरळ अनुदानाला हात. अमेरिकेने १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात हीच युक्ती केली : केंद्राचा पैसा हवा तर वर्ण पाहून वागता येणार नाही. दक्षिणेतल्या इस्पितळांनी गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगळे वॉर्ड मोडले, ते बरंचसं १९६६ साली वृद्धांच्या आरोग्य विम्याचा सरकारी पैसा बुडू नये म्हणून. मनं बदलली की नाही देव जाणे, खाटा एका खोलीत आल्या. आता मला सांगा, कोण पाळतोय आणि कोण नाही हे मोजल्याशिवाय अनुदान कुणाचं तोडणार?

आपल्याकडे अनुसूचित जाती-जमाती जनगणनेत नेहमी मोजल्या गेल्या. बाकी जातींची पूर्ण मोजणी प्रसिद्ध झाली ती शेवटची १९३१ ची. येत्या जनगणनेत जात विचारायचं केंद्राने ३० एप्रिल २०२५ ला ठरवलं. तुम्हाला ते आवडलं नसेल. माझी काळजी वेगळी आहे. डोकी मोजतील आणि तोट्या मोजणार नाहीत. कुठल्या जातीचे किती, यावर टीव्हीवर भांडणं रंगतील. कुठल्या वाडीला आठवड्यात किती वेळा पाणी, हा रकाना फॉर्मात नसेलच.

तुमचं पत्र आमच्या सौ.नेही वाचलं. तिचं म्हणणं, "गुरुजींनी हजेरी न घेता वर्ग चालवला होता का कधी?" मी म्हटलं, हे मी लिहिणार. लिहिलं.

प्रश्न : मी कातकरी समाजाचा आहे, बारावी झालो. आमच्या वाडीत नळ बसलेत, पण पाणी येत नाही. आम्ही डवऱ्यातलं, म्हणजे ओढ्याच्या पात्रात खणलेल्या खड्ड्यातलं पाणी भरतो. ग्रामपंचायतीत विचारलं तर म्हणतात, तुमची वाडी 'पूर्ण' झाली आहे, निधी खर्च झाला. भांडायला गेलो तर पुढची कामं अडवतील, अशी माणसांना भीती वाटते. काय करावं?
– एक तरुण, रोहा तालुका

उत्तर : भांडू नकोस. कागद माग. या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवलाय, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ समजून घे. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघर नळाच्या केंद्राच्या योजनेत, माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं आहे. गावाने 'हर घर जल' जाहीर केलं तर ते पक्कं व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे तुमच्या वाडीला पाणी मिळतंय असं कुणीतरी ग्रामसभेत म्हटलेलं असू शकतं, आणि खाली सह्या असतील. ती ग्रामसभा कधी झाली? आपल्याकडे ठरलेल्या तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तुमची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे जानेवारी आणि मेच्या सभेला वाडी रिकामी. तुमच्याबद्दलचा ठराव तुम्ही भट्टीवर असताना झाला का, हे त्या हजेरीच्या पानावर दिसेल.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लाव. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडलास तर तेही नको. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून तीन अर्ज वेगळे कर. आणि 'पाणी का येत नाही' असं लिहू नकोस. 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, अर्ज परत येईल. फक्त असलेल्या कागदांच्या प्रती मागायच्या.

पहिला अर्ज : पाणीपुरवठा पूर्ण झाल्याच्या ग्रामसभा ठरावाची प्रत, त्या सभेच्या हजेरीसह.

दुसरा : योजनेचं अंदाजपत्रक, मापन पुस्तिका म्हणजे झालेलं काम मोजून लिहायची वही, एमबी, तिची पानं, आणि टाकीचा तळ व तुमच्या वाडीचा शेवटचा नळ यांची पातळी दाखवणारा नकाशा. हा कागद मागणारा माणूस मला ३२ वर्षांत भेटला नाही. भेटला असता तर मला घाम फुटला असता.

तिसरा : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या तीन वर्षांची त्या खर्चाची नोंदवही, कामाचं ठिकाण लिहिलेली. ठिकाणावर जोर दे. सभामंडपाचे पत्रे आणि शाळेची कमान या खात्यात घातलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. ते कुणाकडे करायचं, हे त्याच कार्यालयात पाटीवर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर विचार. विचारायचा हक्क आहे.

भीतीचं खोटं नाही. म्हणून एकट्याच्या नावाने तिन्ही अर्ज करू नकोस, तीन घरांतून तीन कर, त्यातला एक बाईच्या नावाने. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, माडिया गोंड आणि कोलाम या दुसऱ्या दोन. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने 'पीएम-जनमन' योजना अशा जमातींसाठीच सुरू केली आणि तिच्यात पाणीही धरलं. तेव्हा ग्रामपंचायतीतून निघालास की आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातही एक अर्ज टाक. दोन खिडक्यांवर एकच प्रश्न पडला की फाइल जरा लवकर हलते.

पोच शिक्का मारून घे, तारीख वाचून बघ. आणि पातळीचा तो नकाशा आला की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. आकडे मी वाचून देईन. टाकीच्या तळापेक्षा तुमचा नळ वर निघाला, तर अंदाजपत्रकावर सही करताना त्या माणसाला काय माहीत होतं, हे मी चार ओळींत लिहून खाली माझीही सही करीन.